डाव्या हेडवरचा नंबर

१४ ऑक्टोबर १९८६

वेंडल,

हे अक्षर माझं नाही, ते तुला पाकीट बघूनच कळलं असेल. शेजारच्या बर्निस टिप्टनचं आहे. तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसून तिनं लोकांची पत्रं नुसती बाहेरून वाचली. आता एक आतून लिहायला मिळतंय म्हणून बाई खूश आहे. माझे डोळे अधू झालेत, म्हणून तिला बोलावलं. मी तिला बजावलंय, बोलेन तसं लिही, सुधारू नकोस. तरी ती सुधारते. जिथं वाक्य फार शहाणं वाटेल, तिथं ती आहे असं समज.

फोन करून पाहिला. दोनदा तू हॅलो म्हणालास, माझा आवाज ऐकलास आणि ठेवलास. पत्रही ठेवून देता येतं, पण निदान आधी हातात तरी घ्यावं लागतं.

तर काम सांगते. मोटार शर्यतीच्या मंडळाचा नवा नियम आलाय. तुझ्या बापानं तो जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवला आणि घेवडा तसाच ताटात ठेवून उठला. पुढच्या फेब्रुवारीपासून मंडळाच्या यादीत असेल तेच हेड (बर्निस विचारते, म्हणजे काय; ज्यातून हवा आत जाते तो धातूचा ठोकळा) इंजिनावर चढवायचं. यादीत यायचं तर हेड ओतशाळेतून अख्खं ओतून आलेलं पाहिजे, आत वेल्डिंगनं भरलेलं चालायचं नाही. सोबत नकाशा पाहिजे, मापं पाहिजेत, आणि हे सगळं पंधरा जानेवारीच्या आत मंडळाच्या टेबलावर पाहिजे.

आता तुझा बाप काय करतो ते तुला मी सांगायला नको. वीस वर्षं हॉयट लेडफर्डनं दुसऱ्यांनी ओतलेली हेडं घेतली, त्यातली हवेची वाट, म्हणजे पोर्ट, वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियमनं बुजवली आणि आपल्या मनातली वाट त्यावर हातानं कोरली. नकाशा कुठला? त्यानं जन्मात एकच नकाशा काढला, लग्नाच्या पाहुण्यांना चर्चचा रस्ता कळावा म्हणून. त्यावरून निघालेले लोक पलीकडच्या राज्यात, व्हर्जिनियात पोचले.

तू ओहायोत ओतशाळेत आहेस. तू नकाशे काढतोस. दोन दिवस ये. त्याच्या हेडची मापं घे, कागद भर, तुमच्या साहेबाला सांगून त्या आकाराचं एक हेड ओत. दुसऱ्या कुणाला हे जमायचं नाही, कारण त्याच्या हाताखाली उभं राहून शिकलेला दुसरा कुणी नाही. पंधरा जानेवारी उलटली, तर वीस वर्षांची ती वाट कुठल्याच इंजिनात असणार नाही. तुझा बाप सत्तावन्न वर्षांचा आहे. त्याला दुसरं काही येत नाही. माणूस म्हणून वागणंसुद्धा त्याला फारसं येत नाही, हे तुला ठाऊक आहे.

त्याला मी हे पत्र लिहिल्याचं सांगितलेलं नाही. उत्तर पाठव. बर्निस वाचून दाखवेल, चांगलं असलं तर दोनदा.

तुझी आजी,
झेल्फा

९ नोव्हेंबर १९८६

वेंडल,

पोस्टमन आता मला बघून लांबूनच मान हलवतो. बिचाऱ्याला वाटतं म्हातारीनं कुणा म्हाताऱ्याशी जमवलंय. मी तसंच वाटू दिलंय, तेवढीच माझी पत वाढते.

बर्निस विचारते, हा पोरगा रुसलाय तरी कशावर. तिला मी सांगत होते, तर म्हणाली तेही लिहिते. लिही बाई. तुला पाठ आहे, तू वगळून पुढं वाच.

मी तिला म्हटलं, दोन गाड्या असतात, सरळ पाव मैलाचा रस्ता असतो, साडेसात सेकंदांत खेळ खलास. ती म्हणाली, एवढ्यासाठी वर्षभर घासायचं? मी म्हटलं, तुझं लग्न किती दिवस टिकलं? तिनं लिहिणं थांबवलं होतं. आता पुन्हा लिहायला लागली आहे.

गेल्या वर्षी सप्टेंबरात इंडियानाच्या मोठ्या शर्यतीत आपली गाडी पहिली आली. मग तपासणीच्या शेडमध्ये मंडळाच्या माणसांनी इंजिनावरची झाकणं काढली. प्रत्येक हेडवर ओतशाळेचा नंबर धातूतच वर उठून आलेला असतो आणि तो तसाच ठेवायचा, हा नियम तेव्हाही होता. उजव्या हेडवर होता. डाव्यावर नव्हता. तिथं तळहातासारखं गुळगुळीत. मंडळ म्हणालं, नंबर घासला म्हणजे हेड कुठलं ते लपवायचं होतं. बक्षीस गेलं. वर्षाची बंदी आली.

आणि तुझा बाप चाळीस माणसांसमोर तुझ्याकडे बोट करून म्हणाला, "शेवटचा हात यानं मारलाय. याला पोर्ट आणि गटाराची नळी यातला फरक कळत नाही."

तू गाडीची किल्ली बॉनेटवर ठेवलीस आणि चालत निघून गेलास. मी घासला नाही, एवढंसुद्धा बोलला नाहीस. हे मला मागाहून तिथल्या लोकांनी सांगितलं. तुला वाटलं असेल बापानंच घासला आणि आळ माझ्यावर ढकलला. त्यानं मनात काय धरलं ते त्याचं त्याला ठाऊक. मी दोघांच्या मधे बसून चौदा महिने घेवडा शिजवते आहे.

परवा मी त्याच्यापुढं सहज विषय काढला. म्हटलं, वेंडलच्या ओतशाळेत तुझ्या मापाचं हेड ओतून घेतलं तर? त्यानं डोळ्यावरचा चष्मा वर सारला. "आई," म्हणाला, "माझी वाट ओतशाळेत गेली की तिथला कुठलाही मशीनवाला दिवसाला दहा कापेल. मग माझा हात कशाला पाहिजे? जो ती तिकडं नेईल तो चोर. माझा पोरगा असला तरी चोर."

म्हणजे तू आलास तर तो दारात उभा राहून शिव्या देईल, हे आधीच सांगून ठेवते. पण ये. शिव्या देईल आणि मग बाजूला होईल. तो तसाच आहे. त्याचा बापही तसाच होता, फक्त तो बाजूला होत नसे.

गिऱ्हाइकं अजून येतात, थोडी. माझं बोट घातल्याशिवाय हेड न्यायचं नाही ही पद्धत अजून आहे. तुला आठवतं, लोक हसायचे. टेक्सासहून आलेला धिप्पाड माणूस टोपी काढून उभा आणि मी करंगळी त्याच्या पोर्टमध्ये घालून डोळे मिटून घेतलेले. अरे, मी बाराव्या वर्षी मोज्यांच्या गिरणीत लागले. दिवसभर बायकांच्या लांब मोज्यांत हात घालून आतली चूक शोधायची. केसाएवढी गाठ असली तरी मोजा फाटतो. चाळीस वर्षं तेच. पोर्ट म्हणजे धातूचा मोजाच आहे, फक्त त्यातून पाय जात नाही, वारा जातो. तुझ्या बापाची वाट मी आंधळी झाले तरी ओळखेन. वळणावर, व्हॉल्वच्या दांड्याच्या अलीकडे तो एक खळगा ठेवतो, गळ्याच्या हाडाखाली असतो तसा. शिकलेले इंजिनियर म्हणायचे ही चूक आहे. मग ते हवा मोजायच्या मशीनवर हेड लावायचे आणि गप्प बसायचे.

नऊ आठवडे उरलेत.

आजी

७ डिसेंबर १९८६

वेंडल,

आज थट्टा कमी असेल. बर्निस रागावली आहे माझ्यावर.

मागचं पत्र तिनं माझ्या हातात दिलं होतं, बघ म्हणाली बरोबर आहे का. मी चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, मान डोलावली. तिनं कागद माझ्या हातातून घेतला आणि उलटा करून, म्हणजे सुलटा करून परत दिला. पोस्टात तीस वर्षं काढलेली बाई आहे ती. अंगठा उठवणाऱ्या माणसाला ती दारातून ओळखते.

तर वेंडल, मला वाचता येत नाही. कधीच येत नव्हतं. डोळे चांगले आहेत, समोरच्या डोंगरावरची गाय कुणाची ते सांगेन. चर्चमध्ये मी स्तोत्रांचं पुस्तक उघडून धरते, शेजारीण पान उलटते तेव्हा उलटते. तुझ्या लहानपणी मी तुला गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवायचे ना, त्या गोष्टी मी चित्रं बघून रचायचे. तू एकदा म्हणालास, आजी, काल कोल्हा मेला होता. मी म्हटलं, बरा झाला.

हे सांगायचं कारण पुढं आहे.

नंबर मी घासला.

त्या ऑगस्टात तू गाडी घेऊन आधीच इंडियानाला गेला होतास. हेडं मागाहून यायची होती. मी स्वयंपाकघरात टेबलावर जुनी चादर टाकून पॉलिश पेपरनं त्यांना शेवटचा हात मारत होते. का, असं विचारू नकोस, हौस म्हणून धर. झाकणाखालची जागा गुळगुळीत करायची म्हणजे तेल अडकत नाही, एवढं मला ठाऊक होतं. प्रत्येक वेळी तिथं एका बाजूला चिकटपट्टी लावलेली असायची. ती सोडून बाकीचं मी घासायचे. पट्टीखाली काय आहे ते मी कधी बघितलं नाही. बघून काय कळणार होतं?

त्या दिवशी उजव्या हेडवर पट्टी होती. डाव्यावर नव्हती. बोटाला गाठी लागल्या. सात-आठ गाठी, एका ओळीत. मला वाटलं ओतताना धातू उतू गेलाय. अर्धा दिवस घासल्या. संपल्या तेव्हा मी हात फिरवून पाहिला आणि मला फार बरं वाटलं. मी गिरणीत असते तर त्या मोज्यावर पहिल्या दर्जाचा शिक्का पडला असता.

ते आकडे होते हे मला तुझा बाप इंडियानाहून परत आला तेव्हा कळलं. तो एकटा आला. दार उघडून म्हणाला, डाव्या हेडवरचा नंबर गेला आणि वेंडलही गेला.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बोलायचं तर आधी हे सांगावं लागलं असतं की सत्याहत्तर वर्षांच्या बाईला एक आणि सात यातला फरक कळत नाही. मी तोंड उघडलं आणि विचारलं, जेवलास का? तू तिकडं कुठल्यातरी मोटेलात बसला असशील, हे मला माहीत होतं. मी त्याला घेवडा वाढला.

तुझ्या बापाला यातलं काही ठाऊक नाही. तू त्याला क्षमा कर असं मी म्हणत नाही. मला करू नकोस हवं तर. पण तू घासला नाहीस, त्यानं घासला नाही, आणि तुम्ही दोघं एकमेकांना चोर समजून बसलात त्या चोरीत चोर मी आहे. एवढं कळल्यावर तरी ये. पाच आठवडे उरलेत.

बर्निसनं मधेच पेन खाली ठेवलं होतं, आता पुन्हा उचललंय. ती म्हणते, हे पहिलं लिहायला हवं होतं, झेल्फा. मी म्हटलं, पहिलं लिहायला मला कुठं येतं?

आजी

१६ जानेवारी १९८७

वेंडल,

काल पंधरा तारीख होती.

सकाळी उठून तुझ्या बापानं दाढी केली आणि नवा शर्ट घातला. का, ते मी विचारलं नाही. वर्कशॉपमध्ये गेला. मी अकराला कॉफी घेऊन गेले. तो बाकावर बसला होता. ग्राइंडर भिंतीला टांगलेला. समोर त्याचं सगळ्यात चांगलं हेड, तेच, ज्यातून हवा शिट्टी न मारता जाते. तुझ्या ओतशाळेचा उंबरा चढायला तो तयार नव्हता, पण कुणीतरी त्याच्या दारी यावं म्हणून तो दाढी करून बसला होता.

बर्फ पडत होता. रस्त्यावर एक गाडी हळू झाली. तो उठला. ती वळून चर्चकडे गेली.

चारला मी पुन्हा गेले. कॉफीवर साय आली होती. म्हटलं, हॉयट, आत ये. तो म्हणाला, "आई, झालं ते बरं झालं. माझ्याबरोबर संपेल. दुसऱ्याच्या हातात पडण्यापेक्षा बरं."

कार्बनडेलचं ते जुनं गिऱ्हाईक होतं ना, सतरा वर्षं येणारं, त्याचा फोन आला. फार गोड बोलला. यादीतलं हेड घेतो म्हणाला. माणसं फार गोड बोलायला लागली की समजावं, निघालीत.

तुला रागावून लिहिणार होते. बर्निसला सांगितलंही, एक चांगली शिवी लिही. ती म्हणाली मला नाही येत. इतकी वर्षं पोस्टात राहून. मग राहिलं.

आजी

२९ मार्च १९८७

वेंडल,

हे पत्र लांब होईल. बर्निसनं दोन पेनं आणली आहेत. तू अजून एकही ओळ पाठवली नाहीस तरी आता मला कळलंय की तू माझी पत्रं वाचलीस. ते कसं कळलं तेच सांगते आहे.

गेल्या गुरुवारी दुपारी इलिनॉयचा क्लोव्हिस रॅडकी आला. तुझ्या ओळखीचा, पिवळ्या गाडीचा. पिकअपमधून घोंगडीत गुंडाळलेलं एक हेड काढलं आणि तुझ्या बापाच्या बाकावर ठेवलं. नवं कोरं. यादीतलं. म्हणाला, "हॉयट, जरा हात घालून बघ, कसं वाटतं सांग."

आता मी तुझ्यापासून लपवलेली शेवटची गोष्ट. तुझ्या बापानं मला ती कुणाला न सांगण्याची शपथ घातली होती. तीही बायबलची. त्यानं मला बायबलवर हात ठेवायला लावून वदवून घेतलं होतं. आज ती मोडते. देवाला सांगीन, मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं.

त्याची बोटं मेली आहेत. दोन्ही हातांची. वीस वर्षं ग्राइंडरचा थरथराट खाऊन खाऊन गेली. थंडीत मेणबत्तीसारखी पांढरी पडतात. शर्टाचं बटण मी लावते. जमिनीवर पडलेला स्क्रू त्याला उचलता येत नाही, तो पायानं बाकाखाली ढकलतो आणि म्हणतो राहू दे. सहा वर्षं झाली. कटर तो कानानं आणि मनगटानं चालवतो, पण झालेलं बरोबर झालं की नाही ते त्याला कळत नाही. म्हणून मी. आधी माझ्या बोटाची गंमत होती, मग तीच त्याची काठी झाली. लोक हसत राहिले आणि कुणाला संशय आला नाही, तुलाही नाही. म्हणून मी टेबलावर हेडं घेऊन बसायचे. हौस कसली.

आणि त्या दिवशी डाव्या हेडवर चिकटपट्टी का नव्हती? गुंडाळीचं टोक त्याच्या बोटांना सापडेना. एक तुकडा कसाबसा निघाला, तो उजव्यावर लावला. दुसऱ्यासाठी मला हाक मारायची त्याला लाज वाटली. मग विसरला.

म्हणजे त्याला माहीत होतं, वेंडल. शेडमध्ये झाकण निघालं त्या क्षणी त्याला माहीत होतं. मी तुला लिहिलं की त्याला ठाऊक नाही, ते खोटं होतं. खरं बोलायचं तर त्याला चाळीस माणसांसमोर सांगावं लागलं असतं की माझे हात मेले आणि माझ्या आईला वाचता येत नाही. तू तरणा होतास, तुला दुसरीकडं काम मिळणार होतं. त्यानं तुझ्याकडे बोट केलं. ते बोटही मेलेलंच होतं. घरी आल्यावर मला एवढंच म्हणाला, तू बोलू नकोस, आई. आम्ही दोघांनी एकमेकांची लाज झाकली आणि वरून तुला पांघरलं.

तर क्लोव्हिस. तुझ्या बापानं हेडमध्ये बोट घातलं. फिरवलं. चेहरा अगदी जाणत्याचा केला, ते त्याला छान जमतं. मग नेहमीसारखं म्हणाला, "आधी आई बघेल. इथली पद्धत आहे."

मी हात पुसला. करंगळी घातली. आत जाताना थोडं अरुंद, मग वर चढ, मग डावीकडं कललेली भिंत. आणि वळणावर, दांड्याच्या अलीकडे, खळगा.

माझं बोट तिथंच थांबलं.

मशीननं कापलेलं होतं, ते कळत होतं, बारीक रेघा लागत होत्या, शेतात नांगर फिरवावा तशा. पण वाट त्याची होती. तू लहान असताना त्याच्या हेडांत रबर ओतून साचे काढायचास, ते तू हत्यारांच्या पेटीत जवळ बाळगले असशील. सगळं मला एका दमात कळलं. तू नकाशा काढलास, मापं दिलीस, पंधरा तारखेच्या आत. तू आला नाहीस, पण ती वाट तू मरू दिली नाहीस. यादीत तिच्यावर तुमच्या ओतशाळेचं नाव आहे, तेवढंच.

आणि त्याच दमात मला त्याचे शब्द आठवले. जो नेईल तो चोर, माझा पोरगा असला तरी.

"कशी आहे, आई?" तो म्हणाला.

त्यानं क्लोव्हिसकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, आता हो म्हटलं तर हा परक्या माणसासमोर तुला चोर म्हणेल आणि या वेळी ते खरं ठरेल. एकदा गप्प बसून मी तुला घालवलं होतं. या वेळी बोलून वाचवावं असं मनात आलं.

मी म्हटलं, "खडबडीत आहे, बाळा. तुझ्यासारखी नाही."

तो हसला. जानेवारीनंतर पहिल्यांदा. क्लोव्हिसला म्हणाला, "घेऊन जा. असल्या भंगाराला मी हात लावत नाही." किती समाधानानं म्हणाला म्हणून सांगू. जगात त्याच्यासारखं दुसऱ्या कुणाला जमत नाही, हे त्याला त्याच्या आईच्या बोटानं सांगितलं होतं.

क्लोव्हिस हेड उचलून निघाला. मी मागोमाग पिकअपपर्यंत गेले, दार लावून घ्यायला. तो रडकुंडीला आला होता. म्हणाला, आजी, हे वेंडलनं पाठवलंय. त्यानं सांगितलं, म्हातारीनं सगळं लिहून कळवलंय, आता माझा राग उरला नाही. पण डॅडींच्या तोंडून मला एकदा ऐकायचंय की मला पोर्ट आणि गटाराची नळी यातला फरक कळतो. हेड कुणाचं आहे ते तू सांगू नकोस. नुसता हात घालायला लाव. त्यांनी ओळखलं तर त्याच दिवशी गाडीत बसतो.

मी त्याचा दंड धरला. म्हटलं, थांब, परत आत चल. तो म्हणाला, "काय उपयोग, आजी? त्यांनी हात घातला की. दोघांनी घातलात." पेट्रोल पंपावरून तो तुला फोन करणार होता. केला असेल. भंगार म्हणाले, असं तुला कळलं असेल.

मी वर्कशॉपमध्ये गेले. सगळं सांगितलं. पत्रांचं, तुझं, खळग्याचं. म्हटलं, हॉयट, ती तुझीच वाट होती. पोरानं अक्षर न् अक्षर तशीच ठेवलीय. मी खोटं बोलले.

तो किती शांत होता ते तू बघायला हवं होतंस. रागावला असता तर मला आवडलं असतं. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, मला तो जाणवला, त्याला माझा खांदा जाणवला नसेल. म्हणाला, "आई, तुला तो घरी यायला हवाय. त्यासाठी तू आता काहीही सांगशील, मला कळतं. पण बाकापाशी तू डोळे मिटून सांगितलंस ना, तेच खरं. तुझं तोंड खोटं बोलतं, बोट कधी बोललं नाही."

मी भांडले. शपथा घेतल्या. तो म्हणाला, बायबलची घेऊ नकोस, तीही तुझ्याकडून टिकणार नाही.

शनिवारी भंगारवाला येऊन गेला. चौदा हेडं होती फळीवर. ते सगळ्यात चांगलंही. मी आडवी उभी राहिले तर तुझ्या बापानं मला खुर्चीवर बसवलं, पायावर चादर टाकली आणि पुन्हा बाहेर गेला. पिकअपच्या फळीवर एकेक आपटल्याचा आवाज येत होता. मी मोजले. तेवढं येतं मला.

आता तो दुपारी कोमट पाण्याच्या परातीत हात बुडवून बसतो. काही जाणवतं का विचारलं तर म्हणतो, ओलं दिसतंय.

तू हे वाचून इथं आलास, ते हेड घेऊन आलास, तरी काय होईल ते मी रोज मनात बघते. तू ते बाकावर ठेवशील. तो बोट घालेल आणि त्याला काही कळणार नाही. मग तो माझ्याकडे वळेल. मी हो म्हणेन, आणि तो तुझ्याकडे बघून हसेल, पाहुण्याकडे हसतात तसा. तुझं काम ओळखू शकणारं या घरात एकच बोट होतं. ते मी खोटं पाडलं.

बर्निस विचारते, शेवटी काय लिहू, ये म्हणून लिहू का? मी म्हटलं, तू पोस्टात होतीस, तुला माहीत, उशिरा पोचलेल्या पत्राचं काय करतात. तिनं दुसरं पेन काढलं.

नाव लिही म्हटलं. नुसतं नाव.

झेल्फा लेडफर्ड